आधी कोटिंग, मग कुंकू

वडवणीत माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर संगीताबाईंचं पत्र्याचं शेड आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी लागली की खडी उडते आणि रंगाचे टवके जातात. ते जाऊ नयेत म्हणून बाई नव्या गाडीच्या बोनेटवर आणि दारांच्या खालच्या बाजूला पारदर्शक कोटिंगचा स्प्रे मारून देतात. धंदा मूळचा त्यांच्या नवऱ्याचा, सोमनाथचा. तो वारल्यावर महिन्याभरात बाईंनी स्वतः स्प्रेची गन हातात घेतली. गावानं नावं ठेवली. गावाला दुसरं काम नसतं.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. आपल्याकडे नवी गाडी घेतली की बोनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक निघतंच. बाईंनी ते फडक्यानं पुसलं आणि वरून कोटिंग मारलं. पंधरा दिवसांत कोटिंग सुटलं, तेही नेमकं स्वस्तिकाच्या आकारात. गाडीवाला चिडला असता तर बरं, तो घाबरला! बाईंनी सगळं फुकट काढून पुन्हा मारून दिलं आणि नियम केला, आधी कोटिंग, मग पूजा.

काम त्यामुळे चोख होऊ लागलं. पण नव्या गाडीला पहिला हात विधवेचा लागणार, हे लोकांच्या लक्षात आलं. "उद्या येतो" म्हणून गाड्या वळायच्या. यंदा दिवाळीच्या तोंडावर चार गाड्या अशाच गेल्या. आणखी एक गेली तर शेड सोडून देते, असं बाई मला म्हणाल्या होत्या.

त्याच आठवड्यात अंगद नावाचा मेंढपाळ कोरी पिकअप घेऊन थेट शोरूममधून आला. बरोबर म्हातारी आई, दगडाबाई. संगीताबाईंनी फडकं घेतलं, तेवढ्यात म्हातारीचं लक्ष त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे गेलं.

"अंगदा, थांब. पूजेच्या आदी हिचा हात नगं."

अंगद खाली बघत राहिला. अशा वेळी पुरुषांना जमिनीत फार काही दिसतं. मला त्याचा रागच आला.

"मावशी," संगीताबाई म्हणाल्या, "कुंकू तर तुमचंबी न्हाई. मग तुमी कशा आलात ह्या गाडीत?"

"मागं हौद्यात बसून आले. फुडं कावून बसू? पूजा व्हायची हाय अजून. दांडाबी पदरानंच धरला."

अंगदनं मान वर केली. "फुडं गुदमरतंय म्हणलीस की तू."

"मग काय सांगू?"

मी हातातली ट्यूब तशीच धरून उभा होतो. संगीताबाईंचा राग उतरलेला दिसला. त्यांनी फडकं दगडाबाईंपुढे धरलं.

"बोनेट तुमी पुसा, मावशी. मग मी स्प्रे मारते."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं.

"पूस की, आई," अंगद म्हणाला. "तुझ्याच मेंढरांवर आलीय गाडी."

दगडाबाईंनी आधी हात लुगड्याला पुसले, मग फडकं घेतलं. बोनेट पुसायला पाच मिनिटं लागतात. त्या पुसत राहिल्या, आणि पुसलेल्या जागेवर त्यांच्याच डोळ्यांचं पाणी पडत राहिलं. ते टिपून त्या पुन्हा पुसायच्या. ओल्यावर कोटिंग धरत नाही. संगीताबाईंनी कॉम्प्रेसर बंद केला आणि त्या थांबल्या.