तिसरं भविष्य

भविष्य सांगणारे नाशकात गल्लोगल्ली सापडतील, पण एकाच गोष्टीची तीन भविष्यं सांगून “यातलं कुठलं हवं ते तुमचं तुम्ही ठरवा” म्हणणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी करून उरलेल्या वेळात त्यांनी संगणकासाठी स्वतःची एक छोटी भाषा बनवली होती. पाऊस, विहीर, पीक, माणसं कशी वागतात ते त्या भाषेत चार ओळींत लिहायचं, की संगणक पुढच्या वर्षांचं पाणी आलेखात काढून दाखवायचा. भविष्यं ठरलेली: “आहे तसं चालू दिलं तर”, “थोडं आवरलं तर” आणि “सगळ्यांना अक्कल आली तर”. तिसऱ्याला संगणक फार वेळ घेई. मला वाटे, त्यालाही ते पटत नसावं. ही भाषा त्यांनी आतल्या कोडसकट इंटरनेटवर फुकट ठेवली होती. कुणीही घ्यावी, सुधारावी, सुधारणा परत पाठवावी. मेहुणीबाई, ज्या लोणच्याची कृती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत.

आम्ही कूलर घ्यायचं ठरवलं तेव्हा हे गृहस्थ आलेख घेऊन हजर. सगळ्यांनी कूलर घेतले तर सोसायटीची टाकी मे महिन्यात आटते, असं त्यात दिसत होतं. “घ्या खुशाल,” ते म्हणाले, “आंघोळीला मात्र आमच्याकडे या.” आम्ही घेतला, सगळ्यांनीच घेतला, आणि मे महिन्यात मी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बादली भरून दिली आणि बाथरूमच्या दाराला आतून तो आलेख चिकटवून ठेवला.

त्यांचा खरा पराक्रम मात्र वणीजवळच्या आमच्या सासुरवाडीचा. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्या द्राक्षबागा लागून, विहीर सामाईक, पाण्याची पाळी एक दिवसाआड, आणि दोघांत आमच्या लग्नांच्याही आधीपासूनचा अबोला. पाणी पुरेना, म्हणून सासऱ्यांनी बोअर घ्यायचं ठरवलं. ते ऐकून धाकट्यांनीही ठरवलं. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. साडूंनी संगणक गोधडीत गुंडाळून एसटीत घातला. मॉनिटर मांडीवर असा काही धरला होता की कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं.

ओट्यावर संगणक मांडला तेव्हा गाव जमलं. धाकटेही आले, भावाकडे पाठ करून बसले. पहिल्या भविष्यात दोन्ही बोअर कोरडे पडून विहीरही आटली. दुसऱ्यात एकाची बाग वाचली, एकाची जळाली. कुणाची ते साडूंनी सांगितलं नाही. तिसऱ्यात बोअर नव्हताच, आणि तरी दोन्ही बागा उन्हाळाभर हिरव्या.

“हे पाणी आलं कुठून?” सासऱ्यांनी विचारलं.

ज्याची बाग आधी भिजली त्याने मोटर बंद करून दुसऱ्याला हाक मारली, म्हणून ते पाणी विहिरीत राहिलं, असं साडूंनी उत्साहाने सांगितलं. दुसऱ्याला थेंब उरू नये म्हणून दोघेही पाळी संपेपर्यंत मोटर चालू ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या साडूंनी ऊन धरलं, वारा धरला, वेलीची मुळं किती खोल जातात तेही धरलं; अबोला तेवढा धरायचा विसरले.

“जावईबापू, आम्ही बोलत नाय,” सासरे म्हणाले. “ते घाला त्यात.”

साडूंनी पडद्याकडे पाहिलं, मग त्या वळलेल्या पाठीकडे. “मामा, ते नाही घालता येत. या भाषेत तशी सोयच नाही.”

ज्याने अख्खी भाषा बनवली त्याला एक ओळ वाढवायला कितीसा वेळ लागला असता! मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात त्यांनी माझा पाय असा दाबला की माझं बोट दोन दिवस सुजलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी धाकट्यांची होती. आम्ही चहा घेत असताना बांधावरून हाक आली, “दादा, माझी बाग भिजली. मोटर बंद केली.” सासऱ्यांनी बशी खाली ठेवली आणि नुसतं “बरं” म्हणाले. बोअरची गाडी आली तशी परत गेली.

पुढे परदेशातल्या कुणीतरी त्या भाषेत सुधारणा करून पाठवली: शेजारी एकमेकांशी बोलत नसतील तर काय, याची सोय. साडू आलेली प्रत्येक सुधारणा लहान मुलासारखे आनंदाने घेत. ही एकच त्यांनी परत केली. मी म्हटलं, अहो, माणसं तशीच वागतात. ते म्हणाले, “वागतात ना. पण एकदा सोय केली की सगळे तीच वापरतील.”

सासरे जाऊन आता काही वर्षं झाली. नोकरी सोडून साडूच त्यांची बाग पाहतात, द्राक्षांपेक्षा आलेख जास्त पिकवतात असं मेहुणीबाई म्हणतात. मागे मी गेलो होतो. चहा चालू असताना बांधावरून धाकट्यांचा म्हातारा आवाज आला, “दादा, माझी बाग भिजली. मोटर बंद केली.” मग ते थांबले. काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. तसेच बांधावर उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

साडूंनी बशी खाली ठेवली. अनवाणीच बांधापर्यंत गेले, आणि अगदी सासऱ्यांसारखं नुसतं “बरं” म्हणाले.