पाणी भरपूर प्या म्हणणारं पोस्टर

मैत्रिणींनो, आज भर बाजारात अडकल्यासारखं झालं. अजून डोकं भणभणून राहिलं, म्हणून लिहून राहिली.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आज आमची ड्युटी भातकुलीकडच्या एका गावच्या आठवडी बाजारात होती. विषय मुतखडा आणि लघवीचं इन्फेक्शन. पोस्टर धरून भाजीवाल्या बायांना मी घसा फोडून सांगत होती, "पाणी भरपूर प्या. लघवी अडवून धरू नका."

सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता एक मावशी म्हणाली, "बाई, आमी बाजाराच्या दिवशी पाणीच पेत नाही. पेलं तं जाव कुठं?"

खरंच, बायांसाठी कुठंच सोय नव्हती. चारी बाजूंनी माणसंच माणसं. आणि मला स्वतःला दुपारपासून लागली होती! सोबतच्या आमच्या मॅडमला विचारलं, तर म्हणे, "थोडी कळ काढ. कॉलेजची गाडी संध्याकाळी येईल."

पाय आवळून, पोस्टर छातीशी धरून तशीच उभी राहिली. ओटीपोट दुखायला लागलं. बोलणं मात्र चालूच.

माझा घामेजला चेहरा पाहून मावशीनं सांभारावर शिंपडायची बाटली पुढं केली. "घे, तू तरी पे दोन घोट."

"नको मावशी," मी म्हटलं, "होस्टेलवर गेल्यावर पिते."

ती पोस्टरकडे पाहून हसली. मग सगळं पाणी तिनं सांभारावर शिंपडलं.

तुमच्या गावच्या बाजारात बाया पाणी पितात का गं?