वेणूचा 'एक' आणि मेहुण्याचा खोटारडेपणा

माझ्या मुलीला 'एक' म्हणता येत नव्हते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याला मी जबाबदार होतो, ही गोष्ट मात्र माझे मेहुणे सुपडूभाऊ यांनी रचलेली आहे. ती ते गेली कित्येक वर्षे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढत आले आहेत (मठ्ठ्याच्या आधी!), म्हणून आज खरा वृत्तांत लिहिणे भाग आहे.

रनाळ्याला आमची शेती. राज्य गोऱ्या साहेबाचे. शाळेत सारी मुलेच; मुलगी म्हणून आमची वेणू पहिलीच जाणार होती. नव्या मास्तरांनी अट घातली : "वीसपर्यंत मोजता आले, तरच नाव घालीन." माझ्या आईने कपाळाला हात लावला. "पोरले गिनती कसाले जोयजे?" पण आमच्या कुटुंबाची, म्हणजे वेणूच्या आईची, फार इच्छा होती. मी मिशीवर हात ठेवून शब्द दिला, "छडी न उगारता, खेळता खेळता शिकवीन!"

खेळ मी स्वतः योजला. खळ्यावर ज्वारीची रास मोजतात, तशी अंगणात मातीची रास. मापाला करवंटी. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. 'एक' म्हटले, तर राशीची बरकत जाते. खेळ झाला म्हणून काय रीत सोडायची? वेणू माझे पागोटे डोक्यावर घालून मांडी ठोकून बसे आणि गरजे, "लाभ! दोन! तीन!" चार दिवसांत पोरगी वीसवर पोचली. (सुपडूभाऊ म्हणतात, महिना लागला. ते तेव्हा म्हसावदला होते. त्यांना काय ठाऊक?)

रास मोजताना आकड्यांखेरीज दुसरे काही बोलायचेही नसते. नेमके तेव्हाच मास्तर दारात उभे राहिले! मागोमाग पाहुणे आलेले सुपडूभाऊ.

"मुलीची तयारी झाली का?"

मी तोंड उघडणार, तोच वेणूने ओठावर बोट ठेवले. "बा, बोलू नको! रास शे!"

मी हाताने 'थांबा' अशी खूण केली. मास्तरांनी पुन्हा विचारले. मी मान डोलावली, आकाशाकडे बोट दाखवले, मग करवंटीकडे. मास्तर दोन पावले मागे सरकले. तेवढ्यात सुपडूभाऊंनी गंभीर चेहऱ्याने सांगून टाकले, "काय करशात मास्तर, दाजीनी वाचा गयी!"

"अरेरे! मग उद्या मुलीबरोबर बोलणारा माणूस पाठवा," असे म्हणून मास्तर हळहळत गेले. अशा रीतीने सुपडूभाऊ शाळेत आमचे वकील झाले!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग मीही शाळेत जाऊन उभा राहिलो. मास्तरांनी वेणूपुढे चिंचोके ओतले. "मोज बाळ."

"लाभ! दोन! तीन!"

"थांब. पहिला आकडा कोणता?"

"लाभ!"

"बरे, तुला नाक किती?"

"लाभ!"

"आणि वडील किती?"

"लाभ!" पोरगी अभिमानाने म्हणाली. सारी शाळा हसली. वेणूचे डोळे भरले. मास्तर नाव घालायची वही मिटू लागले, तेव्हा मला राहवले नाही.

"मास्तर, चूक तिची नाही, ही रीत आहे!"

मास्तर दचकून खुर्चीतून उठले. "यांना वाचा आली!"

"काल रास चालू होती!"

"अहो, शाळा म्हणजे खळे नव्हे! तुम्ही तरी 'एक' म्हणून दाखवा!"

एवढेच ना? मी छाती पुढे काढली, घसा खाकरला, पुढ्यातल्या त्या टपोऱ्या चिंचोक्यांच्या राशीकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "लाभ!"

सुपडूभाऊ भिंतीला टेकून हसत होते. "दाजी, आखो एक डाव!"

मी पुन्हा प्रयत्न केला. जाऊ द्या.

अखेर वेणूनेच डोळे पुसून मास्तरांना विचारले, "हाई रास कोनी शे?"

"कोणाचीच नाही, बाळ. खेळायचे चिंचोके आहेत."

"मंग 'एक' म्हनं, तर कोना दाना कमी व्हवाव नही ना?"

मास्तर पुढे आले. मग खाली तिच्यासमोर मांडी घालून बसले. "नाही. कोणाचाही नाही."

"मंग एक!" वेणू म्हणाली, आणि एका दमात वीसपर्यंत गेली, तिथे न थांबता पुढेही निघाली. मास्तरांनीच हात जोडून तिला थांबवले. नाव त्याच दिवशी घातले गेले. पुढे त्याच शाळेत तिने पोरांना गणित शिकवले, तेही चिंचोक्यांनीच. म्हणजे पद्धत कोणाची होती, ते सुज्ञांनी ओळखावे!

राहता राहिला सुपडूभाऊंचा आरोप, की मी त्या दिवशी शाळेत तीन वेळा 'लाभ' म्हणालो. साफ खोटे! मी स्वतः बोटांवर मोजले आहे : लाभ, दोन. तिसरी खेप झालीच नाही!