अप्पांचं चालणं

तंजावूरच्या स्टेशनावर मला पोचवायला तुम्ही अकरा जण आला होतात. दुपारची गाडी, तापलेला फलाट, आणि काका डब्यातल्या अनोळखी लोकांना तमिळमध्ये सांगत होते की आमची मुलगी आपल्या मूळ देशाला चालली आहे. जसं काही आपले पूर्वज तिकडून निघाल्यापासून पुणं तीनशे वर्षं दार उघडं ठेवून आपली वाट बघत बसलं होतं. अप्पा, माझे वडील, खिडकीशी उभे होते. गाडी हलायच्या आधी ते एवढंच म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतंय की बघ. भरलं नाहीं तर ये." या गोष्टीला सतरा वर्षं झाली.

मूळ देशानं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" मी 'घरी' म्हटलं की लोक हसायचे. माझं बोलणं ऐकायला घरमालकीणबाई शेजारणींना बोलावून आणत. चिडून मी तेविसाव्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचत देवनागरी शिकले आणि इथल्यासारखी मराठी लिहायला लागले. तेव्हा हे पत्र तुमच्यापैकी निम्म्यांना, फक्त तमिळ लिपी येणाऱ्यांना, वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. रामू, धाकट्या, हिंदीच्या परीक्षांपायी तुला ही लिपी येते. मोठ्यानं वाच, आणि तुझ्या सोयीचं नसेल तेही गाळू नकोस.

पोट भरलं. मला नोकरी मिळाली ती घरं विकणारी कार्टून करणाऱ्या स्टुडिओत. आधी मी एक खार केली. ती दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून उड्या मारत जायची आणि बाल्कनीत अक्रोड फोडायची. मग स्विमिंग पूलशेजारी योगासनं करणारं हत्तीचं पिल्लू. बांधकाम अजून खड्ड्यात असायचं, आणि पिल्लू बाराव्या मजल्यावरून सूर्यास्त बघायचं. आमचा साहेब नव्या मुलांना शिकवायचा की भिंतीची जाडी सांगितली तर माणूस शंका काढतो, खार नाचली तर हसतो, आणि हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही. मला हे ऐकून किळस यायची. तरी खारीची शेपटी कशी झुबकेदार हलली पाहिजे यावर मी आठवडा आठवडा घालवला, कारण ते काम मला येत होतं, आणि कोणी माझ्या बोलण्याला हसलं तरी माझ्या खारीला कोणी नावं ठेवत नव्हतं.

मग तंजावूरचा क्लायंट आला. ओरत्तनाडूच्या रस्त्याला भातखाचरं बुजवून त्यांनी घरांचे प्लॉट पाडले होते. 'तिकडची' म्हणून काम माझ्याकडे आलं. त्यांना एक लाडका म्हातारा हवा होता, गावातल्या माणसाला आपला वाटेल असा. नाव त्यांनीच ठरवलं होतं, मण्णु तात्ता, म्हणजे मातीआजोबा. मी त्याला गोल पोट दिलं, कपाळाला विभूती दिली, वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसवली. पण तो चालेना, म्हणजे चालायचा, पण कुठल्याही म्हाताऱ्यासारखा. तेव्हा मी फोनमधला अप्पांचा व्हिडिओ उघडला.

अमेरिकेत वाढलेल्या तुमच्या मुलांसाठी सांगते. अप्पांची सगळी नोकरी कालव्याच्या कचेरीत गेली. कुठली वाट पाण्याची आणि कुठली माणसाची, हे त्यांना पायांनी कळतं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्ल्यांत किंवा आसपासच्या गावांत कोणी पाया खणणार असेल, तर आधी अप्पांना बोलावत. ते बांधावर चपला काढून ठेवत आणि अनवाणी चालत. चारी कोपऱ्यांवर थांबून टाच रोवत आणि मान जराशी कलती करून उभे राहत. जागा बरी असली तर खांद्यावरचं तुंडू, तो पंचा, झटकून पुन्हा खांद्यावर टाकत. बरी नसली तर चपला हातात घेऊन परत फिरत. ते तोंडानं काही सांगत नसत आणि कोणी विचारतही नसे. पंचा झटकला की लोक विटा मागवत.

ते सगळं मी मण्णु तात्ताला दिलं. रोवलेली टाच, कलती मान, शेवटी पंच्याचा झटका. सहा दिवस मी ती दहा सेकंदं घासत होते, आणि खरं सांगते, इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलेलं नाही. क्लायंटनं पाठवलेल्या फोटोंत एका कोपऱ्यात कालव्याचं जुनं दगडी दार दिसत होतं. लहानपणी अप्पांच्या सायकलवरून मी ते शंभरदा पाहिलं होतं. ती जमीन खोलगट आहे, पाणी तिथे घरी आल्यासारखं येतं, हे मला माहीत होतं. मी साहेबाला एकदा म्हटलं. तो म्हणाला, तो आपला विषय नाही. मग मी पंच्याची घडी नीट करायला बसले.

फिल्म तुमच्या फोनवर आली तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. रामू, तू मला लिहिलंस, 'अक्का, अप्पा हीरो झाले,' आणि पुढे हसणारे सात चेहरे. काकांनी ती सगळ्या गटांवर टाकली. चेन्नईतून, डॅलसमधून अंगठे आले. आज माझ्यावर दात खाणाऱ्यांपैकी एकालाही त्या दिवशी दगडी दार दिसलं नाही. अप्पांकडे साधा फोन आहे. त्यांना दाखवायचं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

लोक फसले ते कार्टूनला भुलून नव्हे. त्यांनी चालणं ओळखलं. त्यांना वाटलं की अप्पा तिथे जाऊन आले, टाच रोवून आले, आणि मुलीनं पुण्याहून त्याचं चित्र केलं. आपल्याच गल्लीतल्या विजया टीचरनी निवृत्तीनंतरचं होतं नव्हतं ते सगळं घालून तिथे प्लॉट घेतला आणि जोत्यापर्यंत बांधकामही आणलं. ऐप्पसीच्या पावसात, अमेरिकेतल्या मुलांच्या भाषेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्या जोत्यावरून पाणी वाहिलं. टीचर आमच्या घरी आल्या. भांडायला नव्हे. ओसरीवर बसून म्हणाल्या, "तुम्ही चालून पाहिलांत म्हणून मी घेतलें की."

अप्पांना काही कळेना. मग रामूनं फोन काढून दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "हे मीच की. पण मी तिकडं गेलोंच नाहीं." त्यानंतर पंधरा दिवस ते सायकलवरून प्लॉट घेणाऱ्यांच्या दारोदार गेले, मी ती जमीन बघितलेली नाही एवढं सांगायला. काहींनी मान हलवली. काही म्हणाले, पाणी आल्यावर आता सांगता होय. एकानं तर तोंडावर विचारलं, मुलीला किती मिळाले? चाळीस वर्षं ज्या माणसाच्या पंच्यावर लोकांनी घरं बांधली, त्याला आता कोणी बांधावर बोलावत नाही. मागच्या महिन्यात काकांनी परसात खोली काढायच्या आधी इंजिनिअरला बोलावलं. काका, तुम्ही.

मी भांडले. म्हटलं, ते चालणं माझ्या वडिलांचं आहे, काढून टाका. करारानुसार तात्ता क्लायंटचा, त्याचे सांधे, पंचा आणि टाच सगळं क्लायंटचं. आणि तक्रारी वाढल्या तशी त्यांनी दुसरी फिल्म काढली. माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ती केली. तीत मण्णु तात्ता एका छोट्या होडीत बसून घरांसमोरून वल्हवत जातो, मासे त्याला टाळ्या देतात, आणि खाली अक्षरं येतात, 'तळ्याकाठचं घर'. लोक हसले. साहेबाचं म्हणणं खरं ठरलं. मी नोकरी सोडली, पण ते चालणं अजून तुमच्या गावच्या प्रत्येक सिग्नलवरच्या पडद्यावर चालू आहे, आणि मी मेले तरी चालूच राहील. मला त्या लोकांचा राग येतो, तुमचा येतो, आणि सकाळी उठल्यावर सगळ्यांत आधी माझा येतो.

तुम्ही म्हणता अक्कानं बापाला विकलं. म्हणा. फक्त एवढं लक्षात ठेवा की तुम्ही त्याला फुकट वाटलंत.

गेल्या महिन्यात मी न कळवता घरी आले होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की पुण्यात मी परकी आहे त्याला इलाज आहे, तिकीट काढायचं आणि गाडीत बसायचं. घर म्हणजे माझ्यासाठी तेवढंच उरलं होतं, जिथे माझ्या मराठीला कोणी हसत नाही ती जागा. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, आणि दारात आलेल्या परक्या माणसाशी तमिळ. अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि "अप्पा" म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, मला नीट पाहिलं, ओळखलं, उठून उभे राहिले, हात जोडले. "वांग, वांग," ते म्हणाले. "काफी साप्पिडरींगळा?" या, या, कॉफी घेणार का, असं, पाहुण्याला विचारतात तसं, आदरानं. मी मराठीत हो म्हटलं. ते आत वळले आणि आईला मराठीत म्हणाले, "कोण की आलेत. काफी कर."