कामाचे स्वरूप : सुपरवायझर

उमरग्याच्या एका डाळमिलमध्ये मी बावीस वर्षं हमाली केली. हे वाक्य आज सहज लिहिलं, पण तोंडातून बाहेर पडायला तेवढीच वर्षं लागली. आमच्याकडं सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न मुलगा काय करतो हाच असतो. पाठीवर पोती वाहतो असं सांगितलं, तर पुढं चहासुद्धा येत नाही. म्हणून सास्तूरला, बायकोच्या माहेरी, माझ्या मामांनी बैठकीत ठोकून दिलं, "पोरगा मिलमदी सुपरवायझर हाय." लग्नपत्रिकेत तसं छापूनही आलं. मी त्या पत्रिका वाटत फिरलो.

बायकोला आठवड्यात कळलं. खांद्यावरचा घट्टा कुठं लपवणार? पण माहेरी गेली की तीच सांगायची, "त्यास्नी लई काम असतंय, समद्या माणसांवर ध्यान ठिवावं लागतंय." मला तिचा राग यायचा आणि आधारही वाटायचा. सासरवाडीला जाताना मी खिशाला पेन लावायचो. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

मग एक दिवस ट्रकला लावलेल्या फळीवरून पाठीवरच्या डाळीच्या कट्ट्यासकट खाली आलो. मणक्याचं ऑपरेशन झालं, डावा पाय ओढत चालायला लागलो. मिलचे मुनीमजी म्हणाले, पीएफच्या फंडातून अपंगत्वाची पेन्शन मिळते, अर्ज कर. बायकोचा भाऊ मोटरसायकलवर आला आणि अर्ज भरायला बसला. अक्षर त्याचं छान. 'कामाचे स्वरूप' हा रकाना आला तेव्हा त्यानं मला विचारलंही नाही. 'सुपरवायझर' लिहिलं आणि पुढं मनानंच जोडलं, 'कामगारांवर देखरेख'. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी सही केली.

काही महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला. खाली कारण लिहिलं होतं : देखरेखीचे काम बसून करता येते. इतकं बिनतोड कारण मी सरकारी कागदावर कधी वाचलं नव्हतं. मेव्हणा भडकला, त्यांना काय कळतंय म्हणाला. बायकोनं तो गेल्यावर भांडी घासता घासता सांगितलं, "आता बास करा. म्या रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, माझ्या एकटीच्यानं घर रेटत न्हाय. काय व्हतं ते खरं सांगा."

पुन्हा अर्ज, पुन्हा एक्स-रे, पुन्हा तीच रांग. मुनीमजींनी मिलचं पत्र दिलं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला बसलेल्या डॉक्टरांना सगळं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दंडाला धरून मेव्हणा.

"काय काम करत होता?"

मेव्हणा बोलणार तेवढ्यात मी त्याचा हात दाबला. "हमाल होतो, साहेब."

"म्हणजे दिवसभर नेमकं काय? नीट सांगा."

सांगितलं. पन्नास किलोचा कट्टा दोघं उचलून पाठीवर देतात. तो मानेमागं हातानं धरून, वाकून फळी चढायची, थप्पीवर टाकायचा आणि परत यायचं. सीझनला दिवसाला दोनशे कट्टे तर सहज. बसणं फक्त भाकरीपुरतं. फळी पावसानं निसरडी झाली की तळव्यांना राख लावायची. थप्पीचा वरचा थर लावताना दम धरायचा, सोडला की तोल जातो. डॉक्टरांनी इतकं विचारलंही नव्हतं, पण मला थांबता येईना. मला ते काम येत होतं, चांगलं येत होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग आधीच्या अर्जात सुपरवायझर कसं?"

"लग्नाच्या पत्रिकेत होतं, साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. बायकोनं तोंडाला पदर लावला, ती हसली की रडली ते मी विचारलं नाही. मेव्हणा बाहेर आल्यावर गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, आदी सांगायचं व्हतं की. म्या तसं लिवलंच नसतं." दंड मात्र त्यानं आधीसारखाच धरला.

पेन्शन मंजूर झाल्याचा कागद आला. बायकोनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. माझ्या नावापुढं स्वच्छ लिहिलं होतं, 'हमाल'. सबंध आयुष्य ज्या शब्दाला भ्यालो तो वाचताना काहीसुद्धा वाटलं नाही. मग त्याखालची ओळ वाचली, 'सदर काम करण्यास कायमस्वरूपी असमर्थ', आणि तिथं मला रडू फुटलं.