तारेशी बोलणारे डॉक्टर

कानाच्या शस्त्रक्रिया करणारे आमचे डॉक्टर होटगी गावच्या बोलीत बोलतात, आणि तारेशीही बोलतात. कोरलेल्या हाडाचा जळका वास अजून हवेत होता. बहिऱ्या मुलीच्या आंतरकर्णात ऐकू येण्याच्या मशीनची, इलेक्ट्रोडची मऊ तार सरकवताना ते पुटपुटले, “हितं बस की बाई, हलू नगंस.” तार जागची हलू नये म्हणून तिच्याभोवती त्यांनी मुलीच्याच स्नायूचे इवले तुकडे दाबले. श्रवणचाचणी घेणारी मी म्हणाले, “तारेला नसेचा प्रतिसाद छान आहे. टाके घालायचे?” त्यांनी चिमटा सोडून वाट पाहिली. तार किंचित मागे सरकली. ती पुन्हा आत घालून त्यांनी आणखी एक तुकडा दाबला.

शस्त्रक्रियागृहाबाहेर मुलीच्या आईने विचारले, “ऐकू येईल?”

“तार पक्की हाय, ताई. मशीन चालू झालं की तिच्याशी लई बोला.”

“काय बोलू?”

“भांडा की.”

लेकीशी आजवर खुणांनीच बोललेल्या त्या आईला भांडणाचा पहिला शब्द सुचेना.