दुसऱ्या साक्षीदाराची जागा

सकाळी साडेआठला अप्पा गेल्याचा फोन आला. म्हसा गावातल्या घरी, कपडे करून बाहेर पडायच्या तयारीत असताना हृदयविकाराचा झटका. मी बातमीसाठी नेहमीचे प्रश्न विचारले : वय, वेळ, अंत्यसंस्कार कुठे. अकराच्या सुमारास दुसरा फोन आला, शहापूरच्या न्यायालयाबाहेरून. बुधाजी बोलत होता. "दादा, अप्पा अजून आलं नाय. आज आपली तारीख हाय. येस्टी बंद हाय का काय?" त्याला कुणीच कळवले नव्हते. मी सांगितले. तो म्हणाला, "मंग कोर्टात काय सांगू?"

काशिनाथअप्पा नव्वदच्या दशकात आमच्या डोंगरपट्ट्याचे आमदार होते. मी तेव्हा शहापूरहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्यांनी केलेले रस्ते आणि बंधारे लोकांच्या लक्षात आहेत. मला आठवते ते मुरबाडच्या बाजूच्या एका पाड्यावरचे अंगण. रानडुक्कर उठवायला गावाने मिळून घातलेल्या हाक्यात झाडलेली गोळी कारवीच्या झुडपांत सरपण गोळा करणाऱ्या एका बाईला लागली होती. बंदूक ठासणीची, विनापरवाना. त्या भागात शिकारीचा वाटा घरोघर जातो, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यालाही. आणि बार कुणाचा होता हे कुणी बाहेर सांगत नाही. बाई दरीत पडली, असे सारा पाडा पोलिसांना सांगत होता. तिचा नवरा हाक्यात होता. तोही तेच सांगत होता. अप्पा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि जमलेल्यांना म्हणाले, "मटण घरोघर वाटता, आन् मरण याच्या एकट्याच्या घरात ठेवता?" एक म्हातारा तेवढा बोलला, "डुकरं भात खातात, अप्पा. मंग काय तुमच्या दारात येऊ जेवायला?"

म्हाताऱ्याचा हा प्रश्न अप्पांनी विधानसभेत जसाच्या तसा मांडला. त्यांची मागणी दुहेरी होती. जनावरांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई हंगाम संपायच्या आत मिळावी. आणि जो आपणहून विनापरवाना बंदूक आणून देईल, त्याच्यावर गुन्हा नोंदवू नये. उत्तर आले, सकारात्मक विचार करू. दोन वर्षे ते या एका वाक्याच्या मागे फिरले. अखेर एका पोलीस अधिकाऱ्याने तोंडी कबूल केले : तुमच्यासमोर बंदुका आणू द्या, कारवाई होणार नाही, लेखी आदेश मागाहून येईल. अप्पांनी तोंडी शब्दावर विश्वास ठेवला. पाड्यापाड्यावर जाऊन त्यांनी स्वतःचा शब्द दिला.

पहिला आला तो उंबरमाळीकडचा बुधाजी. गोणपाटात गुंडाळलेली बापाची बंदूक खांद्यावर घेऊन तो चालत शहापूरला आला आणि विश्रामगृहाच्या ओट्यावर त्याने ती ठेवली. "घ्या. डुकरापेक्षा माझीच बायको हिला जास्त भ्यायची," तो म्हणाला, आणि सगळे हसले. त्या दिवशी आठ बंदुका जमा झाल्या. निघताना अप्पांनी मला बाजूला घेतले. "बातमी दे. नावं नको टाकू रे."

मी नाव टाकले. गावासह, छायाचित्रासह. नावाशिवाय बातमी अपुरी, असे मला शिकवले होते आणि मी ते मानत होतो. लेखी आदेश आला नाही. अधिकाऱ्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्याने माझ्या बातमीचे कात्रण लावून बुधाजीवर गुन्हा नोंदवला. बंदूक त्याच्याकडून पकडली, असे कागदावर आले. बाकीचे सात जण वाचले, कारण त्यांची नावे बातमीत मावली नव्हती. त्यानंतर एकही बंदूक आली नाही.

पुढच्या निवडणुकीत अप्पा पडले. बुधाजीची प्रत्येक तारीख मात्र त्यांनी पाळली. म्हशाहून एसटीने येत आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याबरोबर बसत. "आमदार व्हतां तवा येवढं भेटत नव्हतां," बुधाजी चिडवायचा. "म्हणून तर पाडलात ना मला," अप्पा म्हणायचे. अशी वर्षे गेली…

मला ते एकदाच काही बोलले. "तू येऊन येवढंच सांग, बंदूक त्यानं आणून दिली. पकडली नाय." मी संपादकांना विचारले. बातमीदाराने छापले ते छापले, साक्षीला उभे राहू नये, असे ते म्हणाले. मी ते अप्पांना कळवले. मला ते सोयीचे होते, हे कळवले नाही. अप्पा "बरं" म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नाव का टाकलेस, हेही कधी विचारले नाही.

ते गेल्यानंतर पाच आठवड्यांनी पुढची तारीख होती. मी गेलो. बुधाजीच्या वकिलांनी फाईल उघडली. बचावाच्या साक्षीदारांची यादी अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. पहिले नाव त्यांचे. त्यांची साक्ष व्हायची राहून गेली होती. उरलेल्या सात जणांना बोलावले तर तेच अडकले असते, म्हणून त्यांची नावे नव्हती. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याने पत्रांना उत्तर दिले नव्हते. दुसऱ्या क्रमांकापुढची जागा कोरी होती. कडेला बारीक अक्षरात लिहिले होते : 'त्याला विचारून मगच.' कागद कडांना पिवळा पडला होता.

मी पेन काढून त्या जागेत माझे नाव लिहिले. बुधाजीला वाचता येत नाही. तो वाकून बघत होता.

"काय लिवलं, दादा?"

"माझं नाव."

त्याने कागद जवळ ओढला. वरच्या ओळीवरून बोट फिरवत तो खालच्या ओळीवर आला आणि तिथेच थांबला.

"अप्पांचं अक्षर चांगलं व्हतं," तो म्हणाला. "त्यांनाच लिवू द्यायचं व्हतं ना."